हेलीबरीचा धडा आणि इंदापूरची जमीन

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी निरोप घ्यायला घरी आला. मूळचा इंदापूर तालुक्यातला, नीरेकाठच्या एका गावचा. बारामतीला शाळेत असताना तो माझ्याकडे इतिहास शिकला आणि पुढे परीक्षा देऊन महसूल खात्यात लागला. आता रजा घेऊन तो टोकियोला निघाला होता. तेथे १९९७ साली स्थापन झालेली धोरण-अभ्यासाची एक राष्ट्रीय संस्था आहे. आशियातील अनेक देशांचे तरुण सरकारी अधिकारी तेथे शिकायला येतात. यालाही तेथे जागा मिळाली होती.

“शिकणार काय?” मी विचारले.

“सार्वजनिक धोरण, सर. सरकारने कर कसा बसवावा, पैसा कोठे खर्चावा, आणि ठरवले ते लोकांना लाभले की नाही हे कसे तपासावे, असे सगळे.”

त्याच्याबरोबर त्याची आजी आली होती. इतका वेळ ती गप्प बसून ऐकत होती. ती म्हणाली, “गुरुजी, आमच्या रानात किती पिकतं, त्यातलं सरकारनं किती घ्यावं, हे शिकायला ह्यो तिकडं जपानात चाललाय. आता काय म्हणावं!”

आम्ही तिघेही हसलो. ती दोघे गेली, पण म्हातारीचे बोलणे मनातून जाईना. इंदापूरच्या रानात किती पिकते आणि त्यातले सरकारने किती घ्यावे, हाच प्रश्न सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एक तरुण अधिकारी दूरदेशीच्या शाळेतून शिकून घेऊन आला होता. त्याने दिलेल्या उत्तराचे भोग याच मुलखाने भोगले. ही हकीकत तालुक्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. तेव्हा माझ्या विद्यार्थ्यासाठी म्हणून मी ती लिहून काढली, आणि तीच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

आज बारामती-इंदापूर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस आणि साखर कारखाने येतात. पण तो पाण्याचा प्रताप आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचे काम १८७६-७७ च्या दुष्काळात सुरू झाले आणि पुढच्या दशकात पाणी शिवारात खेळू लागले. त्याआधीचा हा मुलूख वेगळा होता. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या दुवेळक्यात इंदापूर तालुका बसला आहे; नरसिंहपूरला संगम झाला की तालुका संपतो. नद्यांच्या अंगाला काळी जमीन आणि वर गेले की मुरमाड माळ. पाऊस थोडा आणि लहरी. शाळू आणि बाजरी यांवर लोकांचे पोट. परतीचा पाऊस पडला तर दाणा, नाही तर पालाही नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा प्रांत कंपनी सरकारच्या हाती आला. तेव्हा त्याची दशा मुळातच वाईट होती. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला होता आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा नव्या मुलखाचा पहिला कमिशनर. त्याचे धोरण सावधपणाचे होते. जुनी वहिवाट शक्य तेवढी राखावी, पाटील-कुलकर्ण्यांच्या हातूनच काम घ्यावे, असे त्याचे मत होते. पण जुन्या वहिवाटीत गावागणिक माप निराळे. कोठे बिघा, कोठे चाहूर. एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशी जुळेल याची खात्री नाही. मुंबईच्या आणि लंडनच्या साहेबांना हे कोडे सुटेना. सारे एका मापाने मोजावे आणि एका नियमाने धारा बसवावा, असे त्यांना वाटू लागले.

तो नियम त्यांना एका शाळेत मिळाला. कंपनीच्या मुलकी नोकरीत येणाऱ्या मुलांना शिक्षण देण्यासाठी १८०६ साली लंडनच्या उत्तरेस हर्टफर्ड येथे एक कॉलेज निघाले आणि १८०९ साली ते जवळच हेलीबरीला स्वतःच्या इमारतीत गेले. विशीच्या आतली ही मुले पौर्वात्य भाषा, कायदा, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकत. इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायला होता टॉमस माल्थस. लोकसंख्येवरच्या निबंधाने जगभर गाजलेला हाच तो माल्थस. १८०५ साली त्याची नेमणूक झाली आणि १८३४ साली मरेपर्यंत तो तेथेच शिकवीत राहिला. मुले त्याला लाडाने ‘पॉप’ म्हणत. विशेष हे की, जो मुलूख आपले विद्यार्थी चालवणार तो त्याने जन्मात पाहिला नव्हता.

त्या काळी जमिनीच्या खंडासंबंधीचा एक सिद्धान्त नव्याने पुढे आला होता. माल्थसने १८१५ साली त्यावर पुस्तिका लिहिली, १८१७ साली रिकार्डोने त्याला रेखीव रूप दिले. तो असा : दोघा शेतकऱ्यांनी सारखेच बैल, सारखेच बी आणि सारखीच मेहनत घातली, एकाची काळी जमीन, दुसऱ्याची बरड. काळीत जास्त पिकते. हे जास्तीचे पीक शेतकऱ्याच्या मेहनतीचे नव्हे, जमिनीच्या गुणाचे. तेव्हा उत्पन्नातून खर्च आणि मेहनतीचा योग्य मोबदला वजा करून उरते ते निव्वळ उत्पन्न, आणि त्यातला मोठा भाग सरकारने घेतला तरी शेतीला धक्का लागत नाही. कागदावर हे इतके चोख वाटते की त्यात खोट कोठे काढावी हे सुचू नये. १८१९ पासून कंपनीच्या लंडनच्या कचेरीत बसलेला जेम्स मिल याच मताचा होता.

माल्थसच्या हाताखाली शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा पुण्याच्या कलेक्टराचा मदतनीस होता. दख्खनच्या मोजणीचे आणि आकारणीचे काम त्याच्याकडे आले. १८२४ ते १८२८ या काळात त्याने ते केले. त्याचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणू नये. पाटलाच्या मर्जीवर किंवा मामलेदाराच्या लहरीवर रयतेचे देणे ठरू नये, हीच त्याची इच्छा होती. त्याने जमिनी मोजवल्या आणि त्यांच्या प्रती लावल्या. प्रत्येक प्रतीत सरासरी किती पिकते, बैलांचा खर्च किती, बी-बियाणे किती, मजुरी किती, याचे हिशेब मांडले. खर्च वजा जाता उरेल त्या निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ हा सरकारचा धारा ठरला. हेलीबरीचा धडा इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी गिरवला नसेल.

हा धारा लागू झाला आणि थोड्याच वर्षांत सगळे कोसळले.

कारणे पाहिली तर ती शाळेत कोणी शिकवली नव्हती अशीच होती. पहिले हे की, निव्वळ उत्पन्न हे शेतात दिसत नाही. ते कागदावर काढावे लागते. इंदापुरात एका वर्षी खंडीभर शाळू होतो आणि दुसऱ्या वर्षी बीही परत येत नाही. यांची सरासरी काढून धारा बसवता येतो, पण ती सरासरी कोणाच्या कणगीत नसते. दुसरे हे की, हजारो शेतांचे हे आकडे प्रिंगलने स्वतः गोळा केलेले नव्हते. ते कारकुनांनी आणि मोजणीदारांनी आणले होते. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन बरड ठरली. ज्याच्यापाशी द्यायला काही नव्हते त्याची बरडही काळी झाली. तिसरे हे की, धारा रोख रुपयांत द्यायचा होता आणि त्या वर्षांत धान्याचे भाव उतरत चालले होते. तेवढ्याच रुपयांसाठी दर वर्षी जास्त दाणे विकावे लागत.

रयत देऊ शकेना, आणि वसुली तर थांबेना. पुढे किती थराला गोष्टी गेल्या हे मुंबई सरकारनेच आपल्या १८७२-७३ च्या कारभाराच्या अहवालात कबूल केले आहे. वसुलीसाठी रयतेचा अमानुष छळ झाला, माणसे घरेदारे टाकून शेजारच्या संस्थानांत पळाली आणि काही भागांत लागवडीजोगी जमीन एक-तृतीयांशाहून अधिक वाहितीखाली उरली नाही, अशा अर्थाची ती कबुली आहे. प्रिंगलला यात व्यक्तिशः काही सोसावे लागले नाही. पुढे तो सिंधचा कमिशनर झाला. भोगायचे ते इंदापूरच्या माळावरच्या माणसांनी भोगले.

१८३५ साली मोडलेले काम सावरायला दोघांना पाठवण्यात आले. हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा मुलकी नोकरीतला, तेवीस वर्षांचा; तोही हेलीबरीचाच विद्यार्थी. दुसरा जॉर्ज विंगेट, फौजेतला इंजिनिअर लेफ्टनंट. त्यांनी प्रिंगलचे आकडे जागेवर जाऊन पडताळले आणि ते भरवशाचे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी जे केले त्यातच या हकीकतीचे मर्म आहे. निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद त्यांनी सोडून दिला.

त्यांनी प्रश्नच बदलला. ‘रयतेने किती द्यायला हवे’ हे न विचारता ‘या गावांनी गेल्या वीस वर्षांत प्रत्यक्षात किती दिले, आणि किती मागितले तेव्हा जमिनी पड पडल्या’ हे त्यांनी विचारले. त्यासाठी जुनी दप्तरे उलगडली. पाऊसमान, बाजाराचे अंतर, धान्याचे भाव हे पाहून एकेका गटाचा दर ठरवला आणि तो पूर्वीपेक्षा बराच खाली आणला. मग तो शेताशेतावर वाटायला सोपी प्रतबंदी केली. जमिनीचा रंग आणि मातीची खोली पाहायची. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे सोळा आणे. खोली कमी होईल, चुनखडी निघेल, वाळू लागेल, उतार असेल, पाणी वाहून माती जात असेल, तसतशी प्रत उतरायची. अशा नऊ प्रती, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. मोजायला तेहतीस फुटांची साखळी; एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज आपल्या सात-बाऱ्यावर जुन्या मापाने एकर-गुंठे बोलले जातात, सर्व्हे नंबर सांगितला जातो, त्याचे मूळ या मोजणीत आहे.

१८३६ साली इंदापूर तालुक्याला हे दर लागू झाले, आणि तीस वर्षे वाढवणार नाही असे वचन सरकारने दिले. पड जमिनी उठल्या, लोक परत आले. हीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात, वऱ्हाडात आणि म्हैसुरात गेली. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून तिचे नियम लिहून काढले. माणूस सहज म्हणतो की इंग्रजांनी आपल्याला राज्यकारभार शिकवला. महसुलाच्या बाबतीत तरी निम्मी गोष्ट उलटी आहे. इंदापूरने त्यांना शिकवले, आणि त्या शिकवणीची फी इंदापूरनेच भरली.

येथे हकीकत संपली असती तर बरे झाले असते. पण दुसरा धडा बाकी होता, आणि तो पहिल्याइतका ढोबळ नव्हता. गोल्डस्मिड-विंगेटची पद्धत जमिनीकडे पाहत होती. जमीन कसणाऱ्याच्या देण्याघेण्याकडे तिचे लक्ष नव्हते. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताचा एक ठराविक धनी सरकारदप्तरी नोंदला गेला. धारा हलका झाल्यामुळे जमिनीला मोल आले, आणि मोल आल्यावर ती तारण ठेवण्याजोगी झाली. सावकार पूर्वीही होता. पण तेव्हा त्याचे येणे वसूल व्हायचे ते गावाच्या भिडेने आणि पंचांच्या तोंडाने. आता त्याच्या मदतीला कोर्ट आले. विंगेटला हे दिसत होते. सावकार आणि रयत यांचे नाते कायद्यामुळे विषारी होत चालले आहे, असा इशारा त्याने १८५२ साली दिला होता. आपल्याच कामाचे विपरीत फळ ओळखणारा अधिकारी विरळा. त्याचे हे श्रेय नाकारू नये. पण इशारा दप्तरात राहिला.

१८५९ साली मुदतीचा कायदा आला. कर्जाची फिर्याद ठराविक मुदतीत केली पाहिजे, म्हणजे जुनी भुते उकरली जाणार नाहीत, असा रयतेच्या हिताचा हेतू. झाले असे की, मुदत संपायच्या आत सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, सगळेच भाव चढले, कर्ज सहज मिळू लागले. अशा चढत्या भावांच्या काळानंतर, १८६७ साली, इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली आणि फेरआकारणीत दर वाढले. शेजारच्या तालुक्यांतही तेच झाले. नंतर भाव उतरले. धारा आणि कर्ज मात्र होते तेथेच राहिले. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने रयतेच्या स्थितीची चौकशी करून सरकारला गाऱ्हाणे घातले. १८७४ साली सरकारने वाढीला मर्यादा घातली : तालुक्याला शेकडा ३३, एका गावाला ६६, एका खातेदाराला १००. पण तोवर उशीर झाला होता.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी स्फोट झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले हे जुने गाव. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या लोकांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली. तेथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. तिजोरीपेक्षा कागदावर लोकांचा राग अधिक होता. खते द्या, असे ते म्हणत. खते हाती आली की जाळून टाकीत, आणि पुष्कळ ठिकाणी सावकाराच्या अंगाला हातही न लावता परत जात. अक्षरशत्रू माणसांनी आपल्याविरुद्ध लिहिलेले सगळे पुसून टाकण्याचा तो प्रयत्न होता. सरकारने कमिशन नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. खतावर आकडा काय आहे एवढ्यावर न थांबता कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. पुढे १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा सावकार, कारकून आणि साहेब या तिघांनाही त्यांनी एका रांगेत उभे केले. ते उगाच नव्हते.

आता माझा विद्यार्थी ज्या देशात गेला त्या देशाकडे वळू. सुप्याच्या दंग्याच्या दोनच वर्षे आधी, १८७३ साली, जपानच्या मेइजी सरकारने जमीनमहसुलाची मोठी सुधारणा केली. धान्यातला जुना सारा गेला. जमिनीची किंमत ठरवून तिच्या शेकडा ३ इतका कर रोख घ्यायचा ठरला. हेतू तोच : सगळ्यांना एक माप, सरकारला खात्रीचे उत्पन्न. अडचणही तीच : भाव उतरले तरी रोख कर उतरत नाही. १८७६ च्या अखेरीस इसे प्रांतात आणि इतरत्र शेतकरी उठले. सरकारने दंगे मोडून काढले. पण १८७७ च्या जानेवारीत कर शेकडा ३ वरून अडीचवर आणला. आपल्याकडे दंग्यानंतर कायदा व्हायला चार वर्षे लागली, तेथे कर उतरायला महिनाही पुरा लागला नसेल. याचे कारण जपानी अधिकारी अधिक दयाळू होते असे नव्हे. त्यांचे सरकार नवे होते, घरचे होते आणि ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्यातच त्याला राहायचे होते. माल्थसचा विद्यार्थी मुदत भरली की बोटीत बसून परत जाऊ शकत होता.

या येण्याजाण्याला आणखी एक पदर आहे. आपली मुले तिकडे जातात, तशी तिकडची माणसेही इकडे आली आहेत. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने मराठा अमलातील रयत, जमीन आणि जातिसंस्था यांवर आयुष्यभर काम केले. त्यानंतरच्या पिढीतील मिचिहिरो ओगावा यांनी तर पुणे विद्यापीठासाठी थेट इंदापूर परगण्यावर प्रबंध लिहिला : काळ १७६१ ते १८२८, म्हणजे पानिपतापासून प्रिंगलच्या आकारणीपर्यंत. पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रे वाचून त्यांनी तो उभा केला. परदेशातून येऊन इंदापूरकडे पाहणारे प्रिंगलही होते आणि ओगावाही. दोघांत फरक एवढाच की, एक आधी उत्तर शिकून आला आणि दुसरा आधी आपली लिपी शिकला.

मी हे सगळे त्या मुलाला लिहून पाठवले. महिन्याभराने त्याचे पत्र आले. वर्गात दहा-बारा देशांची मुले आहेत, असे त्याने लिहिले होते. एका तासाला प्रत्येकाने आपल्या गावाकडच्या एखाद्या फसलेल्या धोरणाची हकीकत सांगायची होती. याने इंदापूरची सांगितली. तास संपल्यावर एकाने त्याला विचारले, “तुमच्या त्या प्रिंगलला चूक कळायला काय करायला हवे होते?” याला उत्तर सुचले नाही. पत्राच्या शेवटी तोच प्रश्न त्याने मला केला होता.

मी पुष्कळ विचार केला. प्रिंगल आळशी नव्हता, लाचखाऊ नव्हता, मूर्ख तर नव्हताच. त्याच्यापाशी उत्तम शिक्षण होते. उणीव एकच होती. त्याचे आकडे चुकले तर ते येऊन सांगणारा माणूस त्याच्यापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती. रयतेला बोलता येत होते ते फक्त जमीन टाकून पळून जाऊन, किंवा पुढे सुप्याला बोलली तसे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निदान पड जमिनीची भाषा वाचली. धोरण कितीही शहाणपणाचे असो, ज्याच्यावर ते चालायचे त्याला दंगा न करता ‘चुकले’ म्हणता आले पाहिजे, आणि ते ऐकून ठरवणाऱ्याला आपला आकडा खोडता आला पाहिजे. हे टोकियोत शिकवीत असतील तर तो लांब गेला याचे मला दुःख नाही.

उत्तरात मी त्याला एवढेच लिहिले : “परत आलास, की कामावर रुजू होण्याआधी चार दिवस सुप्याहून इंदापूरपर्यंत पायी ये. आणि तेथे जे शिकशील ते पहिल्यांदा आजीला समजावून सांग. तिला पटले नाही, तर आकडा पुन्हा तपास.”